चौथ्या चाकाचा रंग

"बाय, रागवू नकोस, पण हे पुढचं चाक निळं मारतंय."

गाडीतून उतरता उतरता ते गृहस्थ असं म्हणाले आणि मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. आदल्याच दिवशी ते चाक मी रंगवून दिलं होतं. दिलं तेव्हा त्यांनी मान हलवली होती, हसले होते. आता मात्र चेहऱ्यावर संकोच होता. तक्रार करायला आलेल्या माणसाचा राग मला सोसतो, संकोच सोसत नाही. संकोच असला की समजावं, माणूस घरून ठरवून आलाय आणि त्याचं म्हणणं बहुधा खरं आहे.

ते अंधेरीच्या जुन्या गावठाणातले. ख्रिस्ती, साठी ओलांडलेले, बोलायला मऊ. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि तिला चर्चमध्ये याच गाडीतून न्यायचं होतं. खड्ड्यात आदळून पुढचं डावं चाक वाकलं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ते घाटकोपरला आमच्याकडे आले होते.

आमचं काम अलॉय व्हीलचं. जुनी गिऱ्हाइकं अजून मॅगव्हील म्हणतात. चाक वाकलं, फुटपाथला घासलं, त्याचा रंग उडाला की ते आमच्या गाळ्यात येतं. वाकलेलं सरळ करणं, ओरखडे भरणं, घासून गुळगुळीत करणं हे नवरा करतो. रंग माझा.

लोकांना वाटतं, सिल्व्हर म्हणजे सिल्व्हर. पण चारातलं एकच चाक रंगवायचं असतं तेव्हा डब्यातला सिल्व्हर कामाचा नसतो. बाकीची तीन उन्हात तापलेली, ब्रेकच्या धुळीने काळवंडलेली, खाऱ्या हवेने फिकी पडलेली असतात. चौथ्याला त्या तिघांच्या वयाचं करावं लागतं. थोडा काळा, एखादा थेंब पिवळा, कधी निळ्याचं नुसतं बोट. रंग ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसरा, वर चकाकीचा थर चढला की तिसराच. समोरून जुळतो आणि बाजूला सरकून पाहिलं की फसवतो. हे मला येतं. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी अंधेरीच्या एका छोट्या डाइंग युनिटमध्ये कापडाच्या शेड जुळवायला लागले होते. लग्नानंतर कापडाच्या जागी लोखंड आलं, ॲल्युमिनियम आलं, पण नजर तीच. आमच्या गल्लीत कुणाला दरवाजाचा रंग जरी जुळवायचा असला तरी म्हणायचे, वहिनींना दाखवा.

म्हणून मी जरा ठसक्यातच म्हटलं, "अंकल, टायरवाल्याने पॉलिश लावलं असेल. त्याची झाक येते."

चाक पुसलं. शेजारचं मागचं चाकही पुसलं. दोन्ही सारखी. गाळ्यासमोर शेडची सावली होती, म्हणून गाडी पुढे उन्हात घ्यायला लावली. मी उकिडवी बसले, उभी राहिले, बाजूने पाहिलं. दोन्ही सारखी.

"मला तर एकच दिसतंय," मी म्हटलं.

ते गाडीला एक फेरी मारून पुन्हा त्याच चाकापाशी येऊन उभे राहिले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

नवरा त्याच दिवशी सकाळी गावाहून परतला होता. त्याच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन होतं, म्हणून हे चाक सरळ करून, घासून ठेवून तो मालवणला गेला होता आणि पुढचं सगळं मी एकटीने केलं होतं. आमचं बोलणं ऐकून तो बाहेर आला, गाडीपाशी खाली बसला. पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं. वर माझ्याकडे बघितलंच नाही.

"मारतंय थोडं निळं," तो हळूच म्हणाला. मग त्या गृहस्थांना म्हणाला, "गाडी ठेवून जावा अंकल. लग्नाच्या आधी एकदम झकास करून देतो."

रंग चुकतो, चुकू शकतो. मी काही देव नाही. पण चुकलेला रंग मला दिसू नये? दोन माणसांना दिसतोय, भर दुपारच्या उन्हात दिसतोय, आणि मला नाही?

ते रिक्षाने गेले. नवरा चाक खोलायला लागला. मी आत येऊन पत्र्याच्या पट्ट्या काढल्या. आम्ही आधी पट्टीवर रंग मारून बघतो, मग चाकावर. मी एक रंग बनवला आणि पाच-सहा पट्ट्यांवर मारला, प्रत्येक वेळी निळा थोडा थोडा वाढवत. नवऱ्याला म्हटलं, जा, टायरवाल्याला टायर उतरवायला सांगून ये. तो गेल्यावर वाळलेल्या पट्ट्या बाहेर दगडावर ओळीने मांडल्या.

सुरुवातीची पट्टी मला माहीत होती. शेवटचीही. मधल्या पट्ट्यांमध्ये कुठली आधी, कुठली नंतर, हे मला सांगता येईना. मी त्या उचलल्या, एकमेकींवर ठेवल्या, डोळे चोळले, पाणी मारलं. मग भलताच वेडेपणा केला. पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि पुन्हा लावून पाहिल्या. मागे पेन्सिलीने खूण केली होती ती उलटून बघितली तर सगळा गोंधळ. फिकी माझ्या हिशेबात गडद झाली होती.

डोक्यात एकच चालू झालं, वाट लागली. माझ्या आईची नजर शेवटी शेवटी गेली होती. कशाने गेली ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही. त्या काळात डॉक्टरला विचारायचीही भीती वाटायची. मला आता तिचं चाचपडत भांडं शोधणं आठवायला लागलं. म्हटलं, हे असंच सुरू होतं का? आधी निळा जातो, मग बाकीचं?

नवरा परत आला तेव्हा मी पट्ट्या गोळा करून ठेवल्या होत्या. डोकं दुखतंय असं सांगून घरी निघाले.

आमची सोसायटी स्टेशनच्या पूर्वेला आहे. खाली पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीची गाडी उभी असते. तिचं मागचं एक चाक मी गेल्या दिवाळीच्या आसपास करून दिलं होतं. वर न जाता मी थेट तिथे गेले. वाकून पाहत होते, तेवढ्यात ती भाजीची पिशवी घेऊन आली.

"काय गं, हवा कमी आहे का?"

"नाही. हे मी केलेलं चाक बघत होते. खरं सांग, कसं झालंय?"

"मस्त झालंय की."

"मस्त नको. सारखं आहे का बाकीच्यांसारखं?"

ती पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. मग म्हणाली, "थोडं वेगळं आहे. थंडसर आहे. म्हणजे... स्टीलच्या भांड्यासारखं दिसतं, बाकीची तशी नाहीत."

"तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू इतकं मनापासून करून दिलंस. आणि चाकाकडे कोण बघतं गं?"

मी बघते, मला म्हणायचं होतं. दिवसभर मी तेच तर बघते. ती हाताला धरून वर चहाला चल म्हणत होती, मी नको म्हणून जिना चढले.

त्यानंतर डोक्यात गाड्यांची रांगच लागली. वर्षभरात किती चाकं गेली माझ्या हातून! मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी, तो रोज बोरिवलीला जाणारा मुलगा, ती नवीन लग्न झालेली जोडी. सगळे गोड बोलून गेले होते. त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन चाकाकडे बघून मान हलवली असेल? आणि सगळेच काही संकोचाने गप्प बसणारे नव्हते. मग बाकीच्यांनी तक्रार का केली नाही? हा प्रश्न मनात आला आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ धुता धुता थांबले. निम्म्या लोकांनी तरी यायला हवं होतं. इतकी वाईट नजर झाली असेल तर कुणीच का आलं नाही?

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलेलो. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते, घरात अरेतुरेच.

"तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"मला निळा दिसत नाही ते."

तो हात धूत होता. त्याने नळ बंद केला. "कधीकधी चुकायचा तुझा रंग. मागच्या गणपतीपासून. मग मी परत मारायचो."

"परत मारायचो म्हणजे?"

"तू दुपारी जेवायला घरी गेलीस की. पाहून पाहून घालायचो एक एक थेंब. कधी जमायचं, कधी दोन-दोनदा मारायला लागायचं." मग नजर चुकवत म्हणाला, "सोसायटीतल्या गाडीचं तेव्हा ध्यानात आलं नाही माझ्या. आणि आता हे चाक, मी गावी होतो म्हणून..."

वर्षभर मी ज्या चाकांकडे बघून समाधानाने घरी जात होते ती माझी नव्हतीच. हा माणूस माझ्या पाठीमागे माझं काम पुसून पुन्हा करत होता आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून, आज छान जमलं हां, म्हणत होता.

"लाज नाही वाटली तुला?" मी ओरडले. "डोळे दाखव असं एका शब्दाने सांगता येत नव्हतं? माझे डोळे जातायत आणि तू थेंब घालत बसलास?"

"माका भीती वाटली," तो म्हणाला. घाबरला की त्याचं मालवणी बाहेर येतं. "तुझ्या आईचं झालं तसं काही निघालं तर? आणि तू एकदा म्हणालेलीस, रंग दिसेनासा झाला तर मी त्या गाळ्यात पाऊल टाकणार नाही."

मी असं कधी म्हणाले होते ते मला आठवत नव्हतं. पण म्हणाले असेन. तसलं मी बोलते.

सकाळी मात्र दोघंही गाळ्यात गेलो, कारण लग्न थांबणार नव्हतं. चाकावरचा रंग त्याने घासून उतरवला, प्रायमर मारला. मी डबे मांडले. मी अजून चिडलेली होते, त्यामुळे कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं. पण कामच असं होतं की बोलल्याशिवाय होईना.

कारण त्याला फरक दिसतो, पण काय घातल्याने तो जाईल ते उमगत नाही. निळं मारतंय म्हटलं की तो पिवळा घालतो, मग ते हिरवट होतं. मला काय घालायचं ते कळतं, पण फरक दिसत नव्हता. मी पट्टी मारून त्याच्या हातात द्यायची, त्याने बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या चाकाशेजारी धरायची.

"काय दिसतंय?"

"अजून थंड आहे."

"समोरून की बाजूने?"

"बाजूने जास्त."

मी जरासा तांबूस घातला, चमकीचा सिल्व्हर जाडसर घेतला. पुन्हा पट्टी.

"आता?"

"आता समोरून बरोबर. बाजूने काळपट."

"काळपट की मळकट? नीट बघून सांग."

"आता मळकट म्हणजे काय गं?"

"चहाच्या कपाला आतून डाग पडतो तसं."

तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा वाकला. "हो. चहाच्या कपासारखं."

आयुष्यात पहिल्यांदा मला रंग शब्दांत सांगावा लागत होता. जे मी इतकी वर्षं बघता बघता करत आले त्याला नावंच नव्हती माझ्याकडे. स्टीलचं भांडं, चहाचा कप, पावसाळी ढग, जुना रुपया असं काहीबाही शोधून आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्याचं चुकलं की मी खेकसत होते. तो ऐकून घेत होता आणि पट्टी घेऊन पुन्हा उन्हात जात होता. मनात सारखी धाकधूक, की याला तरी नीट दिसतंय ना? उद्या दोघांचंही चुकलं तर? त्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत, पांढऱ्या झग्याच्या खाली, ते निळं चाक कायमचं राहणार.

शेवटी तो एक पट्टी घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी दारात जाऊन पाहिलं, तर तो चाकाशेजारी पट्टी धरून नुसता बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. पट्टी कुठे संपते ते दिसत नाही," तो म्हणाला.

त्याच रंगाने चाक झालं. गृहस्थ आले ते बरोबर मुलीलाही घेऊन. मी गाळ्याच्या आतच उभी राहिले, हाताचा रंग उगाच पुसत. ते गाडीभोवती फिरले, उन्हात फिरले, चष्मा वर करून फिरले. मुलगी कंटाळून म्हणाली, "डॅडा, लग्न माझं आहे की गाडीचं?" मग ते माझ्याकडे आले.

"बाय, मला आता कळत नाय कुठला नवीन ते."

मी हसले खरी, पण मला रडू येत होतं. कारण मलाही कळत नव्हतं, आणि ते आधीही कळत नव्हतं.

डॉक्टरकडे जायला मी तरीही चालढकल केली. नवऱ्याने या वेळी ऐकलं नाही. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलं, समोरचं सगळं धूसर झालं, आणि मी त्याचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी अंधाऱ्या खोलीत दोन्ही डोळ्यांत बारीक उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे."

"एवढ्यात? आणि आंधळी नाही ना होणार मी?"

"नाही हो काकू. तुमची लेन्स पिवळी पडत चाललीय. हळूहळू पडते, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. पिवळ्या काचेतून बघितल्यावर दोन निळ्यांमधला फरक कसा दिसणार?"

इतकं साधं. मी मनात केवढं काय काय रचलं होतं. तरी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत माझा विश्वास बसला नाही. आईलाही हेच झालं असेल का, हे मी त्यांना विचारणार होते, पण विचारलं नाही. उत्तर हो आलं असतं तर त्याचं मी काय केलं असतं?

आधी उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि दवाखान्याची भिंत मला इतकी पांढरी दिसली की मी डोळा मिटून घेतला. घरी आले तर ट्यूबलाइट निळी. माझा आवडता क्रीम रंगाचा पडदा साधा पांढरा निघाला. डावा डोळा झाकला की जग असं, उजवा झाकला की सगळ्यावर पातळ हळदीचं पाणी ओतल्यासारखं. बघून आनंद व्हायला हवा होता, पण मी धास्तावलेच. दोन डोळे दोन साक्षी देत होते. नव्यावर विश्वास ठेवावा तर इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर पोट भरलं तो जुना खोटा ठरत होता.

रंगाला हात लावायची परवानगी मिळायला वेळ लागला. तोवर मी गाळ्यात नुसती खुर्चीवर बसायचे आणि नवऱ्याला नाही-नाही ते शब्द शिकवायचे. डावा डोळाही झाला तेव्हा दोन्ही साक्षी जुळल्या आणि जरा धीर आला. मैत्रिणीची गाडी मी तिला न सांगता खाली जाऊन पाहिली. लांबूनच दिसलं. ते चाक खरोखर स्टीलच्या भांड्यासारखं होतं. ते परत करून देते म्हटलं तर ती हसायला लागली.

आमच्यात एक ठरलंय. कुणीही कुणाच्या पाठीमागे रंग मारायचा नाही. चुकलं तर तोंडावर सांगायचं, भांडण झालं तरी चालेल. भांडणं होतात. परवाच गनमेटल, म्हणजे काळपट राखाडी रंगाच्या एका चाकावरून अर्धा दिवस अबोला होता.

पण धास्ती गेलेली नाही. दोन्ही डोळ्यांनंतर पहिलं चाक मी एकटीने केलं ते घाईतल्या एका तरुणाचं होतं. पट्टी मी सावलीत पाहिली, उन्हात पाहिली, मेट्रोच्या पुलाखाली नेऊन पाहिली. नवऱ्याला विचारलं, त्याने मान डोलावली, तरी पुन्हा विचारलं. तो मुलगा आला, कानाला फोन लावलेला, चावी घेतली, चाकाकडे न बघताच गाडीत बसला. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. गाडी सिग्नलपाशी थांबली, वळली, तिची एक बाजू पूर्ण उन्हात आली. दोन्ही चाकं मी एकदम पाहिली, पुढचं आणि मागचं. सारखी दिसली, पण तशी तर ती अंकलच्या गाडीचीही दिसली होती. मग मागच्या बसने हॉर्न दिला आणि गाडी नजरेआड झाली.